भीमाचे तळवे

१४ ऑक्टोबर १९७३, रविवार

जुनी वही संपली. ही दोनशे पानी आणली.

आज जिल्हा स्पर्धा, पार्क मैदान. दहा हजार मीटर. भीमा पहिला. वेळ बत्तीस मिनिटं चार सेकंद दोन दशांश. पंचांनी बत्तीस पाच लावली. मी जाऊन सांगितलं, तर त्यातला एक बी.ए. झालेला म्हणतो, "तुम्ही कोण?" मी मिलचा टाइमकीपर. बावीस वर्षं पंधराशे माणसांची ये-जा मिनिटात मोजतोय. चौथी पास आहे, पण घड्याळाला डिग्री लागत नाही.

भीमा सांगोल्याकडचा धनगर, वय तेवीस. दुष्काळात मेंढरं गेली तेव्हा बायकोला घेऊन इकडं सोलापूरला आला. सूतखात्यात बदली कामगार. भोंगा चुकू नये म्हणून दोन मैल पळत यायचा, अनवाणी, आणि हजेरी लावताना धाप लागलेली नसायची. ते पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं. बाकी सगळी मिल झोपलेली होती.

आता लक्ष्य एकच. पुढच्या वर्षी राष्ट्रीय शिबिराला निवड. तिथं एकदा पोचला की रेल्वे नाहीतर पोलीस खातं कायमची नोकरी देतं, आणि बदली कामगाराचं रोज दारात उभं राहणं संपतं.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

तळव्यांची पाहणी, दर महिन्याप्रमाणे. कातडी टाचेला पाव इंच जाड. भेग नाही.

माझा काढा: बाभळीची साल दीड शेर, तुरटी मूठभर, अर्धा घडा पाणी, निम्मं आटेपर्यंत उकळायचं. रोज संध्याकाळी वीस मिनिटं पाय बुडवून बसायचं. चामडं कमावतात ते ह्याच सालीनं. मेलेलं कातडं जी टिकवते ती जिवंत कातड्याला का टिकवणार नाही? हा विचार मला सुचला, कुठल्या पुस्तकात नाही.

भीमा म्हणाला, "आप्पा, हल्ली खडा लागला तरी कळंना झालंय."

"तेच तर पाहिजे," मी म्हणालो.

"पर डाव्याला कळतंय. उजव्यालाच कळंना."

म्हणजे डावा पाय कमी बुडवतो. ताकीद दिली.

आणखी एक नोंद. उजव्या गुडघ्याखाली, बाहेरच्या अंगाला, जुन्या रुपयाएवढा फिकट डाग. सहा मैलांनंतर सगळी पोटरी घामानं निथळत होती, तेवढी जागा कोरडी. काढ्याचा शिंतोडा असावा. तुरटीनं घामाची भोकं बंद होतात.

२५ नोव्हेंबर, रविवार

होटगी रस्ता, आठ मैल. परत आल्यावर उजव्या तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला सापडला. काढून मोजला, पाऊण इंच. "कधी भरला?" तर म्हणे म्हाईत न्हाय. काट्यावरची माती लाल होती, तसली लाल माती दुसऱ्या मैलाला आहे. म्हणजे पाऊण इंच काटा घेऊन सहा मैल पळाला आणि वेळेत फरक अकरा सेकंद.

मिलमध्ये काटा कागदावर ठेवून दाखवला. खातेमुकादम रावजी नेहमी टिंगल करतो, त्यानं काटा उचलून उजेडात धरला. मग म्हणाला, "महादेवप्पा, माणूस पळवताय का नाल मारलेलं घोडं?"

जळतात.

२७ जानेवारी १९७४, रविवार. पुणे

राज्य स्पर्धा. पहिला! एकतीस मिनिटं अठरा सेकंद चार दशांश. स्पाइक घातलेली बारा जणं मागं, त्यात लष्कराचे चार. शेवटच्या फेरीत लोक उठून उभे राहिले. वर्तमानपत्राच्या माणसानं भीमाच्या तळव्यांचा फोटो घेतला. मला विचारलं, "आपण कोण?" मी सांगितलं. उद्या नाव येईल.

रात्रीच्या गाडीत भीमा मेडल मुठीत धरून झोपला होता. जेऊरला चहावाल्याच्या आवाजानं जागा झाला. म्हणाला, "आप्पा, तुमी नसता तर मी अजून पेळूच्या टोपल्याच उचलत असतो."

मी म्हणालो, झोप. पण बरं वाटलं, हे लिहून ठेवतो.

२८ जानेवारी

फोटो आला. नाव आलं नाही. "स्थानिक मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली" एवढंच.

११ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ६.१०, विजापूर रस्ता. मी सायकलवर मागं. उजवं पाऊल निराळं वाजतंय. डावं नेहमीसारखं टप, उजवं फटक. ओला फडका आपटावा तसं. आजपर्यंत कधी ऐकलं नाही. त्याच्या पायांचा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन.

"पुढचा चवडा उचल."

"उचलतोय की."

"उचलत नाहीस."

"आप्पा, मी उचलतोय. त्यो यीना."

पुण्यानंतर मस्ती चढली, दुसरं काय. उपाय ठरवला. पावलाला वाळूची पिशवी बांधून रोज शंभर वेळा चवडा वर उचलायचा. पहिल्या दिवशी चाळीस झाले. एक्केचाळिसाव्याला हातानं उचलून धरायला लागला. मी हातावर मारलं.

६ मार्च, बुधवार

भीमाच्या चाळीत सरकारी पाहणीवाला आला. हिंदुराव नावाचं मिसरूड फुटलेलं पोरगं. झोळीत कापूस आणि टाचणी. घरोघर अंगावरचे डाग बघतोय, कुष्ठरोगाची पाहणी. राजाबाई, भीमाची बायको, बोलून गेली, "ह्यांच्या पायाव हाय की एक. दावा की वं."

मी तिथंच होतो म्हणून बरं. म्हणालो, "हा महाराष्ट्राचा चॅम्पियन आहे. पेपर वाचतोस का? महारोगी दहा हजार मीटर पळतो काय रे?"

चाळीतली माणसं हसली. पोरगं लाल झालं, पण हटेना. "काका, एकच मिनिट. डोळे मिटायचे आणि कापूस लागला की सांगायचं. औषध फुकट आहे, लवकर घेतलं की बरं होतं."

"ह्याच्या पायाला टाचणी लागणार नाही. ह्याच्या पायाला काटा लागत नाही तिथं तुझी टाचणी काय करणार?"

पुन्हा हसले. भीमा हसला नाही. माझ्याकडं बघत होता. मी नको म्हणून मान हलवली तेव्हा तो आत गेला.

पोरानं वहीत लिहिलं, तपासणी नाकारली. तारीख पाच घातली होती. आज सहा आहे. मी त्याच्याच पेनानं दुरुस्त करून दिली.

राजाबाईनं त्या दिवशी मला चहा विचारला नाही.

२१ एप्रिल, रविवार

रावजीनं पैज घातली: भर दुपारी डांबरी रस्त्यावर एक मैल. मला असल्या तमाशाची आवड नाही, पण तोंडं बंद करायची होती. खात्यातला थर्मामीटर आणून डांबरावर ठेवला, ११९ फॅरनहाइटला थांबला. डांबर बोटाला चिकटत होतं. भीमा पळाला. पाच मिनिटं एकोणीस सेकंद. चेहऱ्यावर आठी नाही. लोकांनी खांद्यावर घेतला.

संध्याकाळी उजव्या तळव्याला फोड, लांबी दोन इंच, रुंदी सव्वा. डाव्याला लहान, आणि डावा दुखतो म्हणाला. उजवा दुखत नाही.

राजाबाई पाणी ठेवायला आली ती उभीच राहिली. म्हणाली, "आप्पा, परवा चुलीतला इंगळ ह्यांच्या पायाव पडला. मला वास आला. ह्यांना न्हाय आला. ह्ये चांगलं हाय व्हय?"

मी कातड्याचं सगळं शास्त्र सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी लई शिकल्यालं. पर पाय मी चेपती."

बाईमाणसाला काय समजवायचं. तरी आज झोप नाही. इंगळाचा वास तिला आला, त्याला नाही. हे वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून टाकलं. आता जाईल.

१९ मे, रविवार

फोड भरला नाही. भोक राहिलंय, बोटाचं टोक जाईल एवढं. पू नाही, वेदना नाही. वेदना नाही म्हणजे खोल नाही. हळद आणि तूप.

मिलच्या वेल्फेअर ऑफिसरनं कॅनव्हासचे बूट पाठवले. परत केले. अनवाणी चॅम्पियनला बूट घालणं म्हणजे त्याची कमाई काढून घेणं. भीमा बुटांकडं जरा जास्त वेळ बघत होता.

१८ ऑगस्ट, रविवार

मोहोळ ते सोलापूर, वीस मैल. निवड समितीचे दोघं जीपमधून मागं होते. बारा मैलांपर्यंत पहिला. मग उजवं पाऊल नुसतं लोंबायला लागलं. गुडघा घोड्यासारखा उंच उचलायचा आणि पाऊल खाली फेकायचं. चौदाव्या मैलाला चवडा मुडपून पडला. उठला. सोळाव्याला पुन्हा. नववा आला.

रस्त्यावर मागं डाग होते. उजव्या पावलाचे, दर पाच फुटांवर एक. मी सायकलवरून ते बघत बघत आलो.

मी शेवटी सगळ्यांसमोर त्याला बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. तो एवढंच म्हणाला, "चुकलं, आप्पा."

समितीनं तरीही जानेवारीच्या वेळेवर नाव शिबिरासाठी पाठवलं आहे. आधी पुण्याला वैद्यकीय तपासणी, मग पुढं. जखम भरली की सगळं सुरळीत होईल.

३ ऑक्टोबर, गुरुवार. पुणे

वैद्यकीय तपासणीला तो आत गेला, मी व्हरांड्यात. ११.२० ला आत, ११.२६ ला बाहेर. सहा मिनिटं. बाकीच्यांना वीस-वीस लागत होती.

डॉक्टरनं मला आत बोलावलं. भीमाच्या गुडघ्यामागं, बाहेरच्या बाजूला बोट ठेवायला लावलं. कातडीखाली दोरीसारखी जाड नस. दोन वर्षं हा पाय माझ्या हातात आहे. ती नस मला कधी लागली नाही, कारण मी तळव्याच्या वर फारसा गेलोच नाही.

मग त्यांनी रोगाचं नाव घेतलं.

मी म्हणालो, हे काढ्यामुळं आहे. बधिरपणा काढ्याचा आहे, मी तो दोन वर्षं तयार केला आहे.

ते म्हणाले, "काढ्यानं असं होत असतं तर चांभाराचे हात आधी बधिर झाले असते."

परतीच्या गाडीत भीमा खिडकीशी, मी समोर. दौंड आलं. मग त्यानं विचारलं, "आप्पा, आता राजीला काय सांगायचं?"

१२ ऑक्टोबर

मिलनं बदलीच्या यादीतून नाव काढलं. कारण लिहिलेलं नाही. रावजीनं भीमाच्या पेल्यात कुणी पाणी पिऊ नये म्हणून तो पेला फोडला. जानेवारीत ह्याच माणसांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं. नाही, एप्रिलमध्ये. जानेवारीत पुणं होतं.

चाळीच्या नळावर राजाबाईनं सगळ्यांचं झाल्यावर यायचं, असं ठरलं. ती सगळ्यांच्या आधी जाते आणि घागर भरून होईस्तोवर एकेकीकडं बघते.

सगळे दोषी आहेत. पाहणीला मिसरूड फुटलेलं पोरगं पाठवतात, चार शब्द धड बोलता येत नाहीत. एखादा पोक्त डॉक्टर आला असता तर मी अडवलं असतं का?

नसतं अडवलं.

बहुतेक.

९ नोव्हेंबर, शनिवार

कुष्ठरोग दवाखाना. भीमा, राजाबाई, मी. कार्ड करायला टेबलाशी तोच हिंदुराव. त्यानं मला ओळखलं. वाटलं, आता चारचौघांत काढणार. त्यानं फक्त विचारलं, "ह्यांच्यासाठी आज एक मिनिट आहे ना, काका?" आणि खुर्ची पुढं सरकवली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टर बारकाईनं बघणारे आहेत. कापूस, टाचणी, गरम पाण्याची नळी, गार पाण्याची नळी. मग म्हणाले, रोगाच्या गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतील, रोग थांबेल. लोंबणाऱ्या पावलाचं निराळं आहे. नस दबून सहा महिने झाले नसतील, तर सूज उतरवायच्या जालीम गोळ्या देऊन बघता येतं, पाऊल पुन्हा उचलायला लागू शकतं. सहा महिन्यांच्या वर गेलं असेल तर उपयोग नाही, उलट त्या गोळ्यांनी नुकसान होतं.

"पाऊल पडायला कधी लागलं?"

राजाबाईनं भीमाकडं बघितलं. भीमानं माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "आप्पांना म्हाईत. त्ये समदं लिवत्यात."

मी हिशेब केला. ११ फेब्रुवारीपासून नऊ महिन्यांना दोन दिवस कमी.

"जूनच्या सुरुवातीला," मी म्हणालो.

"नक्की?"

"मी टाइमकीपर आहे."

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. राजाबाईच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला वाटलं की जूनच असेल. फेब्रुवारीत मला नुसता आवाज ऐकू आला होता. आवाज म्हणजे काही पाऊल पडणं नव्हे.

२४ नोव्हेंबर, रविवार

रोज संध्याकाळी जातो. काढा बंद. त्याला खाटेवर बसवून म्हणतो, चवडा उचल. तो दात आवळतो, मानेच्या शिरा फुगतात. पाऊल तिथंच. मी पट्टी धरून बसतो. आज अर्धं सूत हलल्यासारखं वाटलं.

राजाबाई म्हणाली, "पट्टी हालली."

१५ डिसेंबर, रविवार

भीमाचा चेहरा सुजून गोल झालाय. पोटात आग, भाकरी टिकत नाही. आज पहाटे काळी उलटी झाली. राजाबाईनं ती राखेनं झाकून ठेवली होती, मला दाखवायला.

मी म्हणालो, "अजून तीन आठवडे काढ. गोळ्यांचा गुण उशिरा येतो."

तिला पाण्याला पाठवून भीमानं मला खाटेवर बसवलं. आजपर्यंत तो माझ्या शेजारी कधी बसलेला नव्हता, आज बसला.

"आप्पा, जून नव्हता त्यो."

मी हातातली पट्टी खाली ठेवली.

"संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रंनंतरची गोष्ट हाय. तुमी हातावर मारलं त्या दिसापासनं. त्याच्या आदी आठ-धा रोज बाजारला जाताना चप्पल पायातनं निसटायची आन मला पत्ता लागायचा न्हाय. मी तुमाला बोललो न्हाय. मला वाटलं, तुमी पळायचं बंद कराल."

"मग दवाखान्यात का बोलला नाहीस?"

"तुमी येवडं ठासून सांगितलं. डाक्टरम्होरं तुमाला खोटं पाडू व्हय? आजवर तुमी मिंटाचा बी खोटा हिशेब क्येला न्हाय. माज्यासाटी क्येला. म्हनून म्हनलं, गिळाव्या." मग हसला. सुजलेल्या चेहऱ्यावर हसू ओळखू येत नाही. "पर आता पोट ऐकंना, आप्पा. तुमी जाऊन सांगा. मी सांगितलं तर राजी मला ठेवायची न्हाय. तिचा समदा जीव त्या गोळ्यांत हाय."

मी विचारलं, "त्या दिवशी हिंदुराव आला तेव्हा तुला दाखवायचं होतं का?"

त्यानं उजवा पाय हातानं उचलून खाटेवर घेतला.

"तुमी मान हलिवली की," तो म्हणाला.

१६ डिसेंबर, सोमवार

रजा मागितली. तेवीस वर्षांतली सातवी. कारणाच्या रकान्यात काही लिहिलं नाही.

दवाखान्यात भीमा आणि राजाबाई बाहेर बाकावर बसले, मी वही घेऊन आत. डॉक्टरांना सांगितलं, जून खोटा. वही पुढं ठेवली. त्यांनी पहिल्यांदा फेब्रुवारी काढला, मग मागं गेले, नोव्हेंबर, ऑक्टोबर. मग पुढं, मार्च, एप्रिल. मध्येच थांबून एकदा माझ्याकडं बघितलं. कार्डावर उतरवून घेत होते: डाग, घाम नाही, काटा, चवडा, फोड. वही अठरा मिनिटं त्यांच्या हातात होती.

"सगळं आहे ह्यात," ते म्हणाले. "एकही लक्षण सुटलेलं नाही. माझ्या शिकलेल्या माणसांना इतकं नेमकं लिहिता येत नाही."

आयुष्यभर हे वाक्य कुणाकडून तरी ऐकायची इच्छा होती.

जालीम गोळ्या हळूहळू कमी करून बंद. पाऊल आहे तसंच राहील. पट्टा बांधून चालायचं, जाड रबराची चप्पल घालायची, घरातसुद्धा अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, रोज रात्री तळवे डोळ्यांनी तपासायचे, कारण आता ते सांगणार नाहीत. पळणं नाही. डॉक्टरांनी हे दोनदा सांगितलं, "पळणं नाही," जणू मला ऐकू येत नव्हतं.

मी उठलो तर म्हणाले, "बसा. दोन वर्षं तुम्ही त्याचे पाय हाताळताय. तुम्हालाही तपासलं पाहिजे."

मी पन्नाशीला आलेला माणूस, हिंदुरावासमोर धोतर गुडघ्यावर घेऊन, पायातले बूट काढून बसलो. काळे, नाडीचे, पॉलिश केलेले. भीमा दारात येऊन उभा राहिला होता, राजाबाई त्याच्यामागं.

"डोळे मिटा, काका. लागलं की बोट ठेवा."

कापसाचं टोक. डाव्या पावलावर, करंगळीच्या मुळाशी. मी बोट ठेवलं. टाचेच्या आत. ठेवलं. उजव्या नडगीवर. तळव्याच्या मधोमध, इतकं हलकं की माशी बसली तरी जास्त लागेल. ठेवलं. मग बराच वेळ काहीच लागलं नाही. त्यानं मुद्दाम काही लावलं नव्हतं. मी बोट हलवलं नाही. मग घोट्यामागं. ठेवलं.

"दहाच्या दहा बरोबर," हिंदुराव म्हणाला. "काही नाही काका तुम्हाला. पाय अगदी स्वच्छ आहेत. सगळं कळतंय."

दारातून भीमाचा आवाज आला, खराखुरा आनंदाचा, पुण्याला शर्यत जिंकल्यावर होता तसला. "राजे, बघ! आप्पा पहिल्या नंबरानं पास!"

हिंदुरावानं दोनदा सांगितलं, उघडा आता. मी डोळे उघडले नाहीत.